नळी घालू नका

माझ्या अंगात सहा वर्षं एक पंप होता. कुठं होता ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला अवघडायला नको. गोट्यांच्या पिशवीत, उजव्या बाजूला, सुपारीएवढा. तो दाबला की लघवी व्हायची. दाबला नाही तर व्हायची नाही, आणि ती न होणं हेच त्याचं काम होतं.

कंपनीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून प्रोस्टेट काढली, कॅन्सर गेला. पण तिथं देवानं जो नळ बसवलेला असतो तोही ढिला झाला. उभं राहिलं की गळायचं, खोकलं की गळायचं, हसलं की गळायचं, म्हणून हसणंही सोडलं. वर्षभर डायपर लावले. लग्नात गेलो तर उभ्या उभ्या अक्षता टाकून परत. कुणाच्या सोफ्यावर बसलो नाही. बायको रोज गादीवरचं प्लॅस्टिक पुसायची आणि चादर अशी वाळत घालायची की शेजारच्यांना वाटावं, ह्या बाईला धुण्याची हौसच आहे.

मग डॉक्टरनं हे यंत्र सांगितलं. कागदावर चित्र काढलं. लघवीच्या मार्गाभोवती एक रबरी कडं, पोटात एक फुगा, खाली पंप. तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले, आत पाणी. कडं पाण्यानं फुगलेलं असतं, म्हणून ते मार्ग आवळून धरतं. पंप दाबला की कड्यातलं पाणी फुग्यात जातं, कडं सैल पडतं, लघवी होते. तीन-चार मिनिटांत पाणी आपोआप कड्यात परत येतं आणि मार्ग पुन्हा बंद.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, जिथं गाड्यांचे पत्रे दाबून घडवतात तिथं, तीस वर्षं मेंटेनन्सला होतो. शिक्षण सातवी, पण हायड्रॉलिक प्रेस डोळे मिटून खोलायचो. मी म्हणालो, "साहेब, म्हणजे टाकी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर."

डॉक्टर हसला. "काका, तुम्हाला शिकवायलाच नको."

बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "त्यांना नका शिकवू, मला शिकवा. ह्यांना कंपनीतली मशीनं कळतात, घरातला मिक्सर कळत न्हाई."

पंपाच्या वरच्या अंगाला डाळीच्या दाण्यासारखं एक बटन होतं. कडं सैल असताना ते दाबलं की पाणी परत येत नाही, यंत्र बंद राहतं. हे बटन कशाला, ते डॉक्टरनं तीन वेळा सांगितलं. कुठल्याही दवाखान्यात, कसल्याही आजारात, लघवीची नळी घालायची वेळ आली तर आधी हे बटन दाबून यंत्र बंद करायचं. आवळलेल्या कड्यातनं कुणी नळी रेटली तर आतलं कातडं दुखावतं, कडं हळूहळू आत घुसतं, आणि मग सगळंच काढून टाकावं लागतं. त्यासाठी एक कार्ड दिलं, इंग्रजीत छापलेलं. ते कायम जवळ ठेवायचं.

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं एक पेर प्रेसमध्ये गेलंय आणि बाकीच्या बोटांना घट्टे. पंप दाबायला येत होता, पण बटन काही हाताला लागेना. तिला एका दमात लागलं. "हे काय," म्हणाली, "तांदळातला खडा शोधायचा तसं." त्या सहा वर्षांत यंत्र बंद करायचा प्रसंग दोनदाच आला आणि दोन्ही वेळा बटन तिनंच दाबलं.

कार्डही तिच्याकडंच असायचं. "तुमच्या खिशात ऱ्हायलं तर धुण्यात जाईल," म्हणून तिनं ते स्वतःच्या काळ्या रेक्झिनच्या पर्समध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवलं. मी कुठल्याही दवाखान्यात गेलो की पर्स काखेत मारून ती बरोबर. थेरगावला डांगे चौकात एकदा दाढ काढायला गेलो होतो. मी आ वासून खुर्चीत पडलेलो, आणि ही दारातनं आत येऊन सांगते, "डॉक्टर, ह्यांना लघवीची नळी घालायची न्हाई बरं का."

डॉक्टर हातातली पक्कड धरून थांबला. "आजी, मी दातांचा डॉक्टर आहे."

"असू द्या की. सांगून ठेवलेलं बरं."

बाहेर बाकावर बसलेले सगळे हसले. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. घरी आल्यावर म्हणालो, "चारचौघांत माझी अब्रू काढतीस."

"तुमची अब्रू तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली, "मला नवरा पायजे."

तिची आणखी एक सवय होती. मी लघवीला गेलो की ती मोरीच्या दाराबाहेर काहीतरी करत घुटमळायची आणि थोड्या वेळानं विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, झालं. ती म्हणायची, "अजून एकदा दाबा." डॉक्टरनं सांगितलं होतं, एकदा दाबून पूर्ण होत नसेल तर दुसऱ्यांदा दाबायचं, घाई करायची नाही. मला घाई असायची. आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर मुतलेला माणूस. "दाबलं का?" "दाबलं गं बाई." सहा वर्षं रोज हे असं दारातनं चालायचं.

सहाव्या वर्षी मार्गशीर्षात ती गेली. सकाळी तुळशीला पाणी घालून आत आली, छातीत जळजळतंय म्हणाली, सोडा मागितला. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. सोडा घेऊन आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे. सोड्याची पुडी माझ्या हातात तशीच राहिली.

तेराव्याला बायकांनी तिच्या साड्या आठवण म्हणून वाटून घेतल्या. पर्स तिच्या धाकट्या बहिणीनं मागितली. ती मावळात असते. मी म्हणालो, ने. आत काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही. आठ दिवसांनी आठवलं. फोन लावला. भाताची झोडणी झाली का, गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं आणि ठेवून दिला. मेहुणीला काय सांगणार? पर्सच्या आतल्या कप्प्यात माझ्या मुताचं कार्ड आहे, ते पाठव?

मुलाला तरी कुठं सांगितलं होतं. तो आणि सून मारुंजीला भाड्यानं राहतात, दोघं कॉम्प्युटरच्या कंपनीत. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं एवढं त्याला माहीत. यंत्र बसवलं तेव्हा तो बाहेरगावी नोकरीला होता, त्याला सांगितलं, बारीकसं काम आहे. दवाखान्यातनं दुसरं कार्ड मागता आलं असतं. तेही मागितलं नाही. ती नसताना त्या खोलीत जाऊन बसायचं जिवावर यायचं.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. कंपनीत प्रेस खोलायचा असला की आधी मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि वर लाल पाटी अडकवायची: माणूस आत आहे, चालू करू नका. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. नव्या पोरांना हे शिकवताना मी आयमाय काढलेली आहे. एकानं पाटी न लावता हात घातला तेव्हा सगळ्या शॉपसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. तोच मी, स्वतःच्या अंगावर पाटी न लावता पाच महिने फिरत होतो.

वैशाखात मी पंख्याचा कपॅसिटर आणायला डांगे चौकात गेलो. बाहेर पडायचं म्हणून पाणी कमी प्यायची माझी जुनी खोड, डायपरच्या दिवसांतली. दुकानाच्या पायरीवर डोळ्यांपुढं पिवळं झालं, पुढचं आठवत नाही. लोकांनी रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. फोनमध्ये शेवटचा नंबर सुनेचा होता, तिला बोलावलं.

जाग आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि खाली काहीतरी ठणकत होतं. सून पायांशी उभी होती. आमच्यात सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या.

"मामा, कसं वाटतंय?"

"बरंय."

नर्स कागदावर लिहीत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आजोबा, लघवीची नळी घातलीय, ओढायची नाही. जातच नव्हती, तीनदा घालावी लागली."

ती का जात नव्हती हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. तेव्हा बोललो असतो तर नळी लगेच काढली असती, आमच्या डॉक्टरला फोन केला असता. चार शब्दांचं काम होतं. पण सून समोर उभी होती आणि नर्स पोरीच्या वयाची. सून बाहेर जाईल मग सांगू, म्हणून थांबलो. ती बाहेर गेली तर नर्सही तिच्याबरोबर गेली. मग चादरीखाली हात घालून मीच बटन शोधायला लागलो. सगळं सुजलेलं होतं, काय बटन आणि काय पंप. तेवढ्यात नर्स आली आणि ओरडली, "आजोबा, हात वर. नळीशी खेळायचं नाही." सुनेनं तोंड फिरवून खिडकीतनं बाहेर बघितलं. त्यानंतर मी काही बोलणार नव्हतोच.

दोन दिवस ती नळी आत होती. तिसऱ्या दिवशी काढली. मी म्हटलं, सुटलो.

तीन आठवड्यांनी जळजळ सुरू झाली. मग लघवी गुलाबी दिसायला लागली. मग पंप न दाबताच गळायला लागलं. तेव्हा मी एकटाच आमच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडं वळवला. गुलाबी बोगद्यासारखं काहीतरी होतं आणि त्याच्या एका बाजूनं पांढरी कड वर आलेली, जशी झिजलेल्या टायरमधनं तार दिसते.

"काका, हे कडं आहे. आत आलंय. मधे कुठं नळी घातली होती?"

"व्हय."

"कार्ड दाखवलं नाही?"

"न्हाई."

"मग काकूंनी सांगितलं नाही?"

"ती गेली."

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यानं सरळ सांगितलं. सगळं काढावं लागेल, लगेच, नाहीतर पू होऊन अंगात पसरेल. जखम भरायला काही महिने. त्यानंतर जागा चांगली राहिली तर दुसरं बसवता येईल.

"पण एक ऐका," तो म्हणाला, "पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी ह्या खुर्चीत पाहिजे, काकू बसायच्या तसं. त्यांना मी सगळं समजावणार. तुम्ही एकटे आलात तर मी बसवणार नाही."

यंत्र काढायलाही सहीला माणूस हवा होता. आमच्या घराला लागून एका मुसलमान मेकॅनिकचं गॅरेज आहे. तीन पिढ्यांपासूनचे इथलेच लोक. त्याला म्हणालो, हर्नियाचं ऑपरेशन आहे, मुलाला सुट्टी नाही, तू चल. तो हातचं ऑइल पुसून आला. नात्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, शेजारी.

ऑपरेशननंतर डॉक्टरनं काढलेलं सामान ताटलीत घालून त्याला दाखवलं असणार. मला शुद्ध आली तेव्हा तो स्टुलावर बसून माझ्याकडं बघत होता.

"चाचा," तो म्हणाला, "हर्नियात पंप असतो व्हय?"

मी डोळे मिटून घेतले.

"नळ्या, टाकी, पंप. मी म्हटलं हा तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर. तुमी अंगात गाडी घेऊन फिरत होता आन आमाला पत्ताच न्हाई."

"कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय. पण पोराला सांगा. गाडीचं काय झालं ते घरच्यांना सांगावं लागतं, चाचा. गॅरेजवाल्याला सांगून काय उपेग."

मी सांगितलं नाही. नळी आणि पिशवी घेऊन काही आठवडे घरातच राहिलो. मुलाला फोनवर म्हणालो, व्हायरल ताप आहे, येऊ नका, तुम्हाला लागेल. मेकॅनिकची बायको भिंतीवरनं डबा द्यायची. नळी काढल्यावर नळ नावाची गोष्टच उरली नव्हती. उभा राहिलो की सगळं खाली. पुन्हा डायपर, पुन्हा गादीवर प्लॅस्टिक. फरक एवढाच की आता चादर मीच धूत होतो, आणि मला ती तिच्यासारखी पिळता येत नव्हती.

संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर आम्ही रिटायर लोक बसायचो. तिकडं जाणं बंद केलं. एकदोघं घरी बोलवायला आले, मी दारातनंच परत लावले. मग ते आपसात म्हणायला लागले, बायको गेल्यापासून गडी खचला. माझ्या कानावर आलं. मी ते तसंच चालू दिलं. खचलो होतो हे खोटं नव्हतं, पण न जाण्याचं कारण ते नव्हतं. वासाचं भय होतं. मी तिच्या मरणाच्या आडोशाला डायपर लपवला, असं म्हटलं तरी चालेल. ह्याची मला आजही लाज वाटते, बाकी कशाची आता वाटत नाही.

दिवाळी झाली आणि मुलानं प्रथम पुण्यस्मरणाचं काढलं. आमच्याकडं पद्धत ठरलेली आहे. दहा ते बारा महाराजांचं प्रवचन, बाराला फोटोवर फुलं, मग जेवण. नवरा मागं राहिलेला असेल तर त्यानं पुढं, फोटोशेजारी बसायचं. दोन तास, सगळ्या पाव्हण्यांच्या डोळ्यांसमोर. मुलगा आणि सून रविवारी हे सांगायला आले.

मी म्हणालो, "तुमी करा. मी बसणार न्हाई."

"आप्पा, आईचं वर्ष आहे."

"घरात बसून हात जोडतो."

"ताप आला तेव्हा येऊ दिलं नाहीत. दसऱ्याला आला नाहीत. आता आईच्या कार्यालाही बसायचं नाही म्हणता. काय झालंय काय तुम्हाला?"

"काय झालं न्हाई. बसणार न्हाई म्हटलं ना."

तो गाडीची किल्ली उचलून खाली गेला. चप्पल घालतानाही माझ्याकडं बघितलं नाही. सून डबे घ्यायला मागं राहिली. डबे हातात घेतले, आणि परत ओट्यावर ठेवले.

"मामा, विचारू का? तुमचं आणि आत्यांचं काही भांडण होतं का?"

हे मात्र मला सोसवलं नाही. त्या बाईनं माझी चादर सहा वर्षांच्या आधीपासून वाळत घातली, दाताच्या डॉक्टरकडं माझ्यापायी स्वतःचं हसं करून घेतलं, आणि आता तिच्याच वर्षाला तिची सून समजणार की नवऱ्याला तिचं काही नव्हतं. मी फ्रिजकडं तोंड केलं आणि सांगितलं. पंप कुठं होता ते, बटन, कार्ड, पर्स, नळी, दुर्बीण, ताटली, डायपर. गोडधोड शब्द मला येत नाहीत, जे शब्द येतात तेच वापरले. बोलून झालं तरी मी फ्रिजकडंच बघत होतो.

मग ती म्हणाली, "त्या नळीच्या कागदावर सही माझी आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दोन दिवस मी तिथंच उभी होते, मामा. तुमच्या पायांशी."

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"तुझ्यासमोर कसं बोलायचं?"

"मग आता काय केलं?"

ती ओट्याकडं वळली आणि धुतलेलेच डबे परत धुवायला लागली. एवढे आपटत की खालनं मुलानं हॉर्न वाजवला. रडत होती की रागावली होती ते पाठीवरनं कळलं नाही. मला वाटत होतं, मी माझी लाज झाकली. झाकायच्या नादात एका लेकीसारख्या पोरीच्या सहीनं माझं नुकसान करवून घेतलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

नळ बंद करून ती म्हणाली, "दोन तास सलग नाही बसायचं. अर्ध्या तासानं मी हाक मारीन, फोन आलाय म्हणून. उठून आत यायचं, बदलायचं, परत जायचं. काळी पँट घाला. खुर्ची ठेवायला सांगते, खाली सतरंजीवर नको." मग जाता जाता, "ह्यांना मी सांगते. तुम्हाला परत सांगायला लागणार नाही."

मुलाचा रात्री फोन आला. "आप्पा," एवढंच म्हणाला, आणि मग उगाच विचारत राहिला की घरात गॅस भरलेला आहे का.

पुण्यस्मरणाला मी फोटोशेजारी खुर्चीवर बसलो. फोटो मुलाच्या लग्नातला, तिनं नथ घातलेली आणि फोटोवाल्यावर वैतागलेली. महाराज बोलत होते त्यातलं मला फार काही कळलं नाही, मी घड्याळ बघत होतो. साडेदहाला सुनेची हाक आली, "मामा, फोन आहे." गेलो, बदललं, आलो. अकराला पुन्हा. साडेअकराला तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा महाराज प्रवचन थांबवून म्हणाले, "यजमानांना आज वरनं फोन येतायत वाटतं." सगळे हसले. वर्षभरात पहिल्यांदा चारचौघांत मीही हसलो. थोडं गळलं. डायपर होता. बाराला सगळ्यांच्या आधी मी फुलं टाकली.

जेवणं झाल्यावर मेहुणी निघायला आली. काखेत तीच काळी पर्स. सून माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "त्या आतल्या कप्प्यात बघ गं. माझं एक कार्ड असंल."

"ह्या चेनच्या? दाजी, हे मी उघडलंच न्हाई कधी. तिनं लावलेली चेन, उघडावी असं वाटलंच न्हाई."

चेन गंजली होती, सुनेनं ओढून उघडली. आत अंगाऱ्याची पुडी, डोकेदुखीच्या दोन गोळ्या, माझा पासपोर्टचा फोटो आणि ते कार्ड. सुनेनं कार्ड उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं, चौथी शिकलेल्या बाईच्या अक्षरात लिहिलं होतं: नळी घालू नका. आधी बटन. खाली दोनदा रेघ मारलेली. सहा वर्षांत मी त्या कार्डाची मागची बाजू कधी बघितली नव्हती.

"हे कशाचं?" मेहुणीनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "मामांना लघवीसाठी यंत्र बसवलं होतं, मावशी. त्याचं कार्ड आहे. आता ते काढलंय."

"बरं बाई," मेहुणी म्हणाली, "मग हे आता कामाचं न्हाई की."

खरंच होतं. त्या कार्डावर जो नंबर होता ते यंत्र आता जगात कुठंच नव्हतं. तरी मी ते खिशात घातलं.

संक्रांत झाल्यावर सून माझ्याबरोबर डॉक्टरकडं आली आणि त्या खुर्चीत बसली. डॉक्टरनं कागदावर तेच चित्र काढलं. ह्या वेळी कडं थोडं पुढं बसवावं लागेल, कातडं पातळ झालंय, पहिल्याइतकं चांगलं चालेल ह्याची खात्री नाही, पुन्हा आत येऊ शकतं. तिनं सगळं फोनमध्ये लिहून घेतलं आणि मी लाजून विचारलं नसतं असे दोन प्रश्न विचारले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

यंत्र बसवलं. सहा आठवडे बंद ठेवलं, मग डॉक्टरनं चालू केलं. अजून थोडं गळतं, जिना चढताना, शिंक आली की. एक पॅड पुरतो. बटन शोधायचं काम सुनेला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी डाव्या हाताच्या करंगळीनं शिकलो. महिना गेला शिकण्यात. नव्या कार्डाचा फोटो सुनेच्या फोनमध्ये आहे, मुलाच्या आहे, गॅरेजवाल्याकडंही आहे. कार्ड मी प्लॅस्टिक करून, भोक पाडून, दोरीनं गळ्यात घालतो. कट्ट्यावरच्या एकानं विचारलं, हे काय, परत कंपनीत लागलास का? मी म्हणालो, व्हय, मेंटेनन्सला. आणि मग काय आहे ते सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी लवकर येऊन माझ्याशेजारी बसला आणि हळूच विचारलं की ह्याचा डॉक्टर कुठं बसतो.

जुनं कार्ड नव्याच्या मागं आहे, तिच्या अक्षराची बाजू वर.

मुलगा आणि सून रविवारी येतात. बाकीचे दिवस घरात मी एकटा. सकाळी मोरीत जातो, दार लावायची गरज नसते, तरी लावतो. पंप दाबतो, उभा राहतो. ती जिथं घुटमळायची तिथं आता फक्त बादली आहे. बाहेरनं कुणी विचारत नाही झालं का म्हणून. मी थोडा वेळ थांबतो आणि मग अजून एकदा दाबतो.